नववा रकाना

२०११ च्या फेब्रुवारीत मी जनगणनेची प्रगणक होते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते, त्यामुळे ते काम आपसूकच वाट्याला आलं. शाळा सुटली की पिशवीत फॉर्म भरायचे, डोक्यावर छत्री धरायची आणि एकेका वाड्यावर घरोघर फिरायचं. माझ्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मला नेमून दिलेल्या भागात, सहाशेच्या वर माणसं होती. बहुतेक घरांतली मुलं माझ्या हाताखालून गेलेली. त्यामुळे दारात उभं राहून प्रश्न विचारायची वेळ आली नाही. सोप्यावर बसवून आधी पाणी, मग चहा आणि मग जनगणना.

त्या फॉर्ममधला नववा प्रश्न विकलांगतेचा होता आणि दहावा मातृभाषेचा. गोव्याबाहेरच्या माणसाला कल्पना येणार नाही, पण दहाव्या प्रश्नावर एकेका घरात अर्धा अर्धा तास जाई. घरात बोलणं कोंकणी, वाचन मराठी, देवाची आरती मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, मग लिहायचं काय? भावाभावांत वाद होई, सासऱ्याचं एक आणि सुनेचं दुसरं. नववा प्रश्न मात्र एका श्वासात संपायचा. घरात कोणी अपंग? ‘ना गो बाई, देवाचे दयेन सगळीं बरीं आसात.’ की पुढचा प्रश्न.

एका घरात तो तसा संपला नाही.

घर रस्त्याला लागून होतं. तेव्हा आमच्याकडे खाणी जोरात होत्या. खनिज भरलेले टिप्पर सकाळपासून एकामागोमाग जात आणि रस्त्याकडेच्या केळींची पानंसुद्धा तांबडी दिसत. सोप्याच्या कोपऱ्यात, भिंत आणि बाक यांच्या सांदीत, सात वर्षांचा एक मुलगा दोन्ही कानांवर तळवे दाबून बसला होता. टिप्पर गेला की हात सैल व्हायचे. पुढचा टिप्पर मला ऐकू येण्याआधीच ते पुन्हा घट्ट व्हायचे. घरात त्याला बाबू म्हणत. त्याचं नाव आमच्याच शाळेत घातलं होतं, पण आठवडाभरात घरच्यांनी आणणं बंद केलं. वर्गात तो ओरडतो, बाकाखाली जाऊन बसतो, बाईंचं ऐकत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. माझ्याकडे वेगळा वर्ग होता. आज हे लिहिताना वाटतं की ती सबब अगदी लटकी आहे, शाळा माझीच होती.

नववा प्रश्न विचारला तेव्हा आजी लगेच म्हणाली, ‘तशें कांय ना. उशिरा उलयतलो. ताचो आजो पांच वर्सांचो जातकच उलयलो.’ उशिरा बोलेल, त्याचा आजाही पाच वर्षांचा झाल्यावरच बोलला, असं तिचं म्हणणं. आई काही बोलली नाही. तिने पोराकडे पाहिलं आणि मग माझ्या हातातल्या पेनाकडे. फॉर्मवर आठ संकेतांक होते. दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, मग पाचवा मतिमंदत्वाचा, सहावा मानसिक आजाराचा, सातवा ‘इतर’ आणि आठवा एकाहून अधिक विकलांगतांचा. मी जरा थांबले. वाचेचा तीन लिहावा? मतिमंदत्वाचा पाच? की इतर म्हणून सात?

‘ताका सगळें समजता, बाई,’ आई म्हणाली. ‘तुमी कितें बरयतात?’ तुम्ही काय लिहिताय?

मी पाच लिहिला आणि ‘पाच’ असं तिला सांगितलं. पाच म्हणजे काय हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दहाव्या प्रश्नाला नियम स्पष्ट होता. जो बोलत नाही त्याची मातृभाषा आईची लिहायची. ते मात्र मी नीट विचारून, खात्री करून लिहिलं.

मागच्या वर्षी बाबूची आई माझ्याकडे आली. मी निवृत्त झाले आहे, पण गावात अजून बाईच आहे. कागद वाचून घ्यायला, अर्ज भरून घ्यायला लोक येतात. तिच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात बाबूचं अपंगत्वाचं ओळखपत्र होतं. आता तो विशीत आहे. कार्डावर छापलं होतं: ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. म्हणजे माणसांत मिसळणं, बोलणं जड जातं, आवाजासारख्या गोष्टींचा त्रास होतो, अशी जन्मापासूनची घडण. ते मिळायला चकरा किती झाल्या, कोणत्या इस्पितळात किती वेळ बसावं लागलं, हे तिने सांगितलं, पण तक्रारीच्या सुरात नाही. तिला दुसरंच काही सांगायचं होतं. तिथे डॉक्टरांनी तिला पुष्कळ प्रश्न विचारले. नजर देतो का, हाक मारली तर वळतो का, एकच वस्तू फिरवत बसतो का, आवाजाचा त्रास होतो का, दुखलं तर सांगतो का. आपल्याकडे ऑटिझमचं प्रमाणपत्र देताना जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात चाळीस मुद्दे आहेत. ‘आज मेरेन कोणेंच इतलें विचारूंक नाशिल्लें,’ ती म्हणाली. आजवर कोणीच इतकं विचारलं नव्हतं.

मग तिने विचारलं, ‘तेन्ना तुमी पांच बरयिल्लें. पांच म्हणल्यार कितें?’

तो आकडा इतकी वर्षं तिच्या लक्षात होता. मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘तेन्ना म्हाकाय खबर नाशिल्लें.’ मलाही तेव्हा कुठे ठाऊक होतं, असं म्हणून तिने मला सोडवलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर मी वाचायला बसले. नातवाने शोधून दिलं, इंग्रजी अडलं तिथे समजावून दिलं. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. अशी माणसं जगात किती आहेत? आणि जितकी आहेत तितकी असतील, तर माझ्या सहाशे माणसांत ती कुठे होती?

जागतिक आरोग्य संघटना २०२१ सालचा अंदाज १२७ माणसांमागे एक असा देते. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. भागाकार केला तर गोव्यात साडेअकरा हजारांच्या आसपास माणसं येतात. माझ्या ब्लॉकमध्ये पाचेक. मी लिहून घेतलं होतं एकच, तेही दुसऱ्याच नावाखाली.

हा आकडा एका दिवसात १२७ वर आलेला नाही, आणि तो कसा आला हे समजून घेताना मला माझ्या पेनाचीच गोष्ट वाचत असल्यासारखं वाटत राहिलं. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक लेख लिहिला. आठ मुलगे आणि तीन मुली. ऑटिझम हे नाव तिथून रुळलं. त्याआधी १९२५ मध्ये मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी सहा मुलग्यांचं वर्णन केलं होतं. ते आज वाचणाऱ्याला लगेच ओळख पटते, पण पश्चिमेकडच्या जगाने कित्येक दशकं त्याची दखल घेतली नाही. कॅनर यांच्याकडे आलेल्या मुलांचे आईवडील बहुतेक उच्चशिक्षित होते. तेवढ्यावरून लोक मानू लागले की शिकलेल्या, कोरड्या स्वभावाच्या आईबापांच्या पोटी अशी मुलं येतात. त्या काळी एवढ्या नामांकित डॉक्टरपर्यंत पोचायची ऐपत आणि ओळख कोणाची होती, हे कोणी विचारलं नाही. पुढची वीसेक वर्षं आयांनी तो दोष डोक्यावर वागवला. ‘आवयचीच चूक’ हे शब्द मी बाबूच्या घरीही ऐकलेले आहेत, आणि ते बोलणाऱ्या कोणी कॅनरचं नाव ऐकलेलं नव्हतं. आईवर बोट ठेवायला कुठल्याच गावात शास्त्राची वाट पाहत नाहीत.

पहिली पद्धतशीर मोजणी १९६६ मध्ये छापून आली. व्हिक्टर लॉटर यांनी इंग्लंडच्या मिडलसेक्स परगण्यातल्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांची पाहणी केली, आणि प्रमाण निघालं दहा हजारांत साडेचार. त्यांनी सुरुवात केली ती शिक्षकांना प्रश्नावली पाठवून. हे वाचलं आणि मी थोडा वेळ उठून अंगणात गेले. तिथल्या शाळांतल्या बायांनी आपापला वर्ग डोळ्यांसमोर आणून, एकेक मूल आठवून ते कागद भरले असतील. त्यांच्यापुढे निदान प्रश्न तरी नेमके होते. १९७९ मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल भागात लोर्ना विंग आणि जुडिथ गूल्ड यांनी जरा रुंद जाळं टाकलं. कॅनरच्या चौकटीत नेमकी बसणारीच नव्हे, तर माणसांत मिसळणं, बोलणं आणि कल्पनेने खेळणं ज्यांना जड जातं अशी सगळी मुलं त्यांनी धरली. मग आकडा दहा हजारांत वीसच्या घरात गेला. लोर्ना विंग यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. मला वाटतं, कुठे पाहायचं हे त्यांना घरातूनच कळलं असावं.

अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांची मोजणी दर दोन वर्षांनी होते. २००० साली १५० त एक, २०१० साली ६८ त एक, २०२० साली ३६ त एक आणि २०२२ साली ३१ त एक. हाच आकडा घेऊन आमच्या शिक्षकांच्या गटावर कोणीतरी संदेश टाकला होता की जगात ऑटिझमची साथ आली आहे. पण त्याच २०२२ च्या मोजणीतले तुकडे वेगळे करून पाहिले तर टेक्सासमधल्या लरेडोत १०३ मुलांत एक निघतं आणि कॅलिफोर्नियातल्या केंद्रात १९ त एक. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच वयाच्या मुलांत पाचपट फरक. लरेडोच्या हवापाण्यात असं काय असणार? जिथे तपासणारे लोक पुष्कळ आहेत, जिथे लहान वयातच मुलाला दाखवायची पद्धत पडली आहे आणि निदानानंतर काही मदत मिळते, तिथे मुलं सापडतात.

डेन्मार्कची गोष्ट तर मी दोनदा वाचली. तिथे १९९४ मध्ये निदानाचे निकष बदलले आणि १९९५ पासून इस्पितळात दाखल न होता नुसतं दाखवायला येणाऱ्यांचीही नोंद धरू लागले. १९८० ते १९९१ या काळात जन्मलेल्या मुलांमध्ये जी वाढ दिसली, तिच्यातला सुमारे ६० टक्के भाग या दोन बदलांनीच उलगडतो, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निघालं. वहीत नवा रकाना आखला आणि माणसं त्या रकान्यात आली. अमेरिकेतल्या शाळांच्या नोंदीतही असंच घडलं. ऑटिझमखाली नोंदलेली मुलं जशी वाढली, तशी मतिमंद आणि अध्ययन-अक्षम म्हणून नोंदलेली मुलं घटली. म्हणजे तिथेही कोणीतरी आधी पाच लिहिलं होतं.

आणि इंग्लंडमध्ये २००७ साली मोठ्या माणसांची पाहणी झाली तेव्हा शंभरात एकाच्या आसपास प्रौढ ऑटिस्टिक निघाले. म्हाताऱ्यांत प्रमाण कमी आणि तरुणांत जास्त, असा काही उतार त्यात दिसला नाही. हे हल्लीचंच काही असतं, तर साठी-सत्तरीतल्यांत ते असं सारखं सापडलं नसतं.

वाढ सगळीच कागदावरची आहे असं मला म्हणायचं नाही. आईबापांचं वय जास्त असणं, बाळ फार अपुऱ्या दिवसांचं जन्मणं, यांनी शक्यता वाढते हे पुष्कळ अभ्यासांतून पुढे आलंय, आणि आज लग्नं उशिरा होतात, अपुऱ्या दिवसांची बाळं वाचतात. त्याहून मोठा वाटा वंशाचा. पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये काढलेल्या हिशेबात सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. लशीचा मात्र काडीचा संबंध नाही. १९९८ मध्ये बारा मुलांवरच्या एका लेखाने तो संशय पेरला, आणि त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये तो लेख मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाख मुलांच्या नोंदी पाहून २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं गेलं की संबंध नाही. तरी आमच्या वाड्यावरच्या एका सुनेने मोबाइलवरचं काहीतरी वाचून बाळाला गोवराची लस द्यायची थांबवली होती. मी अंगणवाडी ताईला बरोबर घेऊन तिच्या घरी गेले, दोन तास बसले. पुढच्या बुधवारी तिने लस दिली. वाचनाचा इतका तरी उपयोग झाला.

पण मला हलवलं ते कोरियाने. दक्षिण कोरियातल्या गोयांग शहराच्या एका भागात सात ते बारा वर्षांची पंचावन्न हजार मुलं नजरेसमोर ठेवून एक पाहणी झाली आणि २०११ मध्ये, म्हणजे मी माझा ब्लॉक फिरले त्याच वर्षी, ती प्रसिद्ध झाली. प्रमाण निघालं ३८ मुलांत एक. त्यातली दोन तृतीयांश मुलं साध्या शाळांत, साध्या वर्गांत बसत होती. त्यांचं निदान झालं नव्हतं, त्यांना कसली मदतही मिळत नव्हती. त्या देशात घरात असं मूल असणं म्हणजे कुळाला बट्टा, भावंडांची लग्नं अडायची, म्हणून आईबाप दाखवत नसत. ‘देवाचे दयेन सगळीं बरीं आसात,’ हे कोरियन भाषेत कसं म्हणतात कोण जाणे.

३८ त एक. माझा पस्तीस मुलांचा वर्ग. वर्षाला जवळपास एक.

भारतातले आकडे थोडे आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. कोलकात्याच्या शाळांतून काढलेलं प्रमाण हजारात दोन-तीन होतं. मग २०१८ मध्ये पाच ठिकाणांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. हरियाणातलं पलवल, हिमाचलातलं कांगडा, ओडिशातलं ढेंकानाल, हैदराबाद आणि पाचवं ठिकाण उत्तर गोवा. दोन ते नऊ वर्षांची चार हजारांना थोडी कमी मुलं त्यांनी घरोघर जाऊन पाहिली. ऑटिझम निघाला शंभरात एकाच्या आसपास. ऐकण्या-बोलण्यातल्या, शिकण्यातल्या, फिट्सच्या अशा सगळ्या अडचणी एकत्र धरल्या तर साधारण आठ मुलांमागे एक. उत्तर गोवा म्हणजे आमचाच जिल्हा. म्हणजे माझ्यासारखंच कोणीतरी पिशवी घेऊन इथल्याच सोप्यांवर बसून गेलं होतं. त्यांच्याकडे प्रश्न जास्त होते आणि हाताशी वेळ होता, म्हणून त्यांना मुलं दिसली.

माझ्या फॉर्मवर ऑटिझमला स्वतंत्र जागा नव्हती, आणि अपंगत्वाच्या मुख्य कायद्यातही नव्हती. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझमचं नाव नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारांत त्याला स्वतंत्र स्थान दिलं. बाबूची सातव्या वर्षापासून पुढची वर्षं या मधल्या जागेत गेली. माझी चूक एकटीची नव्हती हे मला कळतं. पण मी पाच लिहिला त्या दिवशी त्याच्या आईने ‘त्याला सगळं समजतं’ असं सांगितलं होतं. ते वाक्य ऐकून घ्यायला कुठल्या कायद्याची गरज नव्हती.

मराठीत आपण ऑटिझमला स्वमग्नता म्हणतो. शब्द सुरेख आहे, पण मला तो पटत नाही. टिप्पर मला ऐकू येण्याआधी ज्याला ऐकू यायचा, तो स्वतःत मग्न कसा? त्याच्या आत तर बाहेरचं सगळं जग धडाधड शिरत होतं, आणि ते थांबवायला त्याच्याजवळ दोन तळव्यांपलीकडे काही नव्हतं. चिनी भाषेत यासाठी ‘एकाकीपणाचा आजार’ असा शब्द आहे. जपानीत ‘स्वतःला बंद करून घेण्याचा आजार’. न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी मात्र अलीकडे एक नवा शब्द घडवला, टाकिवाटांगा. त्याचा अर्थ आपल्या स्वतःच्या वेळेत आणि जागेत असणं. आमच्या गावात तर शब्दच नव्हता. सादो, भोळो, पिसो, मोनो, नाहीतर नुसतंच ‘तो मात्सो तसो’. त्या ‘तसो’मध्ये किती जण गेले असतील याची मोजदाद कोण करणार?

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. बाबूच्या वडिलांचा टिप्पर कर्जावर घेतलेला होता. तो दारात उभा राहिला, मग विकला गेला, कर्ज मात्र राहिलं. त्या घराने ती वर्षं कशी काढली ते त्यांनाच माहीत. पण बाबूच्या आईने मला एक गोष्ट सांगितली. रस्ता गप्प झाल्यावर महिन्याभरात तो सांदीतून बाहेर आला. सोप्याच्या पायरीवर बसू लागला, हात मांडीवर ठेवून. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणि लेकाचे हात मोकळे, हे तिने एकाच वेळी पाहिलं. आनंद झाला म्हणायची लाज वाटायची, ती म्हणाली.

आता ती मला भेटते तेव्हा मी तिला विचारते आणि ती शिकवते. पर्वरीच्या ‘सांगात’ संस्थेने गोव्यात आणि त्याच वेळी पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक प्रयोग केला होता. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. डॉक्टर नसलेले, पण नीट शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरी जातात, आईबाप आणि मूल खेळत असतानाचं चित्रण करतात आणि मग आईबापांबरोबर बसून ते पाहतात. मूल कुठे क्षणभर वळलं, कुठे त्याने बोट दाखवलं, कुठे आईने घाईने बोलून त्याची वेळ खाल्ली. दोन ठिकाणची मिळून पासष्ट मुलं होती, आणि त्यात आईबाप मुलाच्या कलाने घ्यायला शिकले असं दिसून आलं. बाबूला यातलं काही मिळालं नाही. पण त्याच्या आईने जे शोधून काढलं ते जवळजवळ हेच होतं. आपण एक बोलायचं आणि मग थांबायचं. पुष्कळ थांबायचं.

कधी दुपारी झोप लागली नाही की मी मनातल्या मनात तो ब्लॉक पुन्हा फिरते. मी डॉक्टर नाही आणि कोणाला शिक्का मारायचा मला अधिकार नाही. पण बाबू धरून हिशेबाने पाच, मग उरलेले चार कोण? एक मुलगी आठवते. दुसरीत माझ्या वर्गात होती. खिडकीजवळच बसायची, जागा बदलली तर दिवसभर दप्तर उघडायची नाही. अक्षर मोत्यासारखं, पण वर्षभरात कोणाशी खेळताना दिसली नाही. प्रगतिपुस्तकात मी ‘शांत व गुणी’ लिहिलं. मुलग्यांत निदान मुलींच्या तिप्पट-चौपट होतं असं जगभरचे आकडे सांगतात, आणि त्यातला काही भाग खरा असेलही. पण मुलगा गप्प बसला तर घरचे काळजी करतात आणि मुलगी गप्प बसली तर कौतुक करतात, हे मी तीस वर्षं पाहिलंय. त्या मुलीचं पुढे लग्न झालं, सासरी जमलं नाही, ती परत आली. गावात म्हणतात की गर्विष्ठ आहे, कोणाकडे पाहत नाही. तिचा नववा रकाना मी विचारलासुद्धा नव्हता. विचारण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

आणखी एक काका आहेत. भावाच्या घरात मागच्या खोलीत राहतात, लग्न केलं नाही. जनगणनेच्या वेळी घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा वारासकट मला त्यांनीच सांगितल्या. ते कोणाच्या लग्नाला जात नाहीत, जत्रेला जात नाहीत, देवळात जातात ते पहाटे, घंटा वाजण्याआधी. गावाने त्यांचा नाद सोडला आहे. त्यांच्यापुढे मी ‘नाही’ लिहिलं.

गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बाबूच्या आईने मला आरतीला बोलावलं. आमच्याकडे आरती म्हणजे घुमट, शामेळ, कांसाळे ही वाद्यं, सगळा वाडा एका खोलीत आणि वर फटाके. बाबू ते सोसू शकत नाही. लहान होता तेव्हा चवथीचे दिवस तो परसातल्या फणसाखाली काढायचा. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगतात ती चौकट, मात्र त्याचीच. नारळ, सुपारीचं शिपटं, चिबूड, कांगलां, कवंडळ, कशाची जागा कुठे हे त्याचं ठरलेलं असतं आणि त्यात कोणी हात घालत नाही. काही वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी एक नवं सुरू केलं. आधी एक आरती हळू आवाजात. घुमट नाही, टाळ नाही, टाळ्याही नाहीत. ती झाली की बाबू आतल्या खोलीत जातो, दार लावून घेतो आणि मग वाड्यावरची मंडळी घुमट घेऊन येतात.

मी त्या पहिल्या आरतीला गेले. सातआठ जण होते. समईच्या उजेडात बाबू माटोळीखाली उभा होता, हात खाली सोडलेले. शेजारच्या भिंतीला टेकून ते काका उभे होते. मी त्यांना आजवर कोणाच्याच घरी आरतीला पाहिलेलं नव्हतं. बाबूची आई माझ्या कानाशी म्हणाली, ‘दर वर्सा येतात. कोणेंच आपोवंक नाशिल्ले. आपणेंच येवंक लागले.’ कोणी बोलावलं नव्हतं, स्वतःहूनच येऊ लागले.

‘सुखकर्ता’ संपलं. काकांनी प्रसाद घेतला, बाबूकडे न बघता त्याच्या शेजारून गेले आणि बाहेर अंगणात घुमटवाल्यांच्या बॅटरीचे उजेड दिसू लागताच मागच्या वाटेने निघून गेले.